हिटलरची शाबासकी पुरे झाली, आता त्या बर्लिनच्या पैलवानाचं नाव घ्या

महाराष्ट्रातल्या तालमींचे समस्त वस्ताद, गावोगावच्या यात्रा कमिट्या आणि मैदानात माईक धरणारे कुस्ती निवेदक यांस,

रामराम.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा. बारावीपर्यंत तालमीत होतो, मग गुडघ्याची लिगामेंट गेली आणि वस्तादच म्हणाले बाळा आता पुस्तकं धर, म्हणून पुस्तकं धरली, आणि आता चार वर्षं झाली बर्लिनमध्ये कॉम्प्युटरची नोकरी करतोय. म्हणजे ज्या शहराची गोष्ट तुम्ही माईकवरून सांगता त्या शहरात राहतो, एवढाच माझा अधिकार. कुस्तीतला म्हणाल तर काहीच नाही, माझ्या नावावर एक ढाल पण नाही घरात.

झालं असं की मागच्या चैत्रात सुट्टी काढून यात्रेला आलो होतो. मैदान भरलेलं, हलगी घुमत होती, लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या उरकल्या होत्या आणि एक नंबरच्या जोडीतला एक पैलवान अजून वाटेतच होता, गाडी कुठंतरी अडकली म्हणे. असला टाइम निवेदकानंच भरून काढायचा असतो, ते मलाही कळतं. आणि ज्यांच्या हातात माईक होता तो माणूस बोलायला खरंच भारी, अख्खं मैदान मुठीत. खाशाबांची गोष्ट सांगितली, अंगावर काटा आणला. मग गाडी वळली १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिककडं. आपली अमरावतीची पोरं तिकडं गेली, मल्लखांब दाखवला, कबड्डी दाखवली, आणि ज्याच्या नुसत्या नावानं जग कापायचं तो हिटलर आपली कला बघून खूश झाला, शाबासकी दिली, असा कडक माणूस, असला मर्द गडी पुन्हा होणे नाही! शिट्ट्या. टाळ्या. फेटे उडाले.

माझ्या शेजारी हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं बसलेलं, नुकतीच कुस्ती मारून आलेलं, अंगावर तांबडी माती, कानशिलावर घामानं तिचा चिखल झालेला आणि मांडीवर जिंकलेला नारळ दोन्ही हातांनी धरून. त्यानं मला विचारलं, दादा, हिटलर पैलवान होता का?

मी म्हटलं नाही रे. पण त्याला नडलेला एक पैलवान होता.

त्याचं नाव काय?

तेवढ्यात हलगी कडाडली, एक नंबरचा पैलवान आला, पोरगं उठून पळालं. उत्तर राहिलं ते राहिलंच. म्हणून हे पत्र.

आधी एक साफ करतो, नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल की परदेशात जाऊन शहाणा झाला आणि आपल्याच लोकांना नावं ठेवतोय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या साली बर्लिनला गेलं हे खरं आहे आणि ती छाती फुगवायचीच गोष्ट आहे. त्या काळात बोटीनं प्रवास करून, गुलाम देशातून जाऊन, परक्या मुलखात मल्लखांबावर चढून दाखवायचं म्हणजे खायचं काम नव्हे. त्या पोरांचं कौतुक करा, हजारदा करा. माझं म्हणणं एवढंच की ते कौतुक हिटलरच्या तोंडून का ऐकवायचं? त्यांचा मल्लखांब त्याच्या सर्टिफिकेटशिवाय भारी नव्हता का? हॉकीत पण तेच, मेजर ध्यानचंदांचं नाव काढलं की पाठोपाठ हिटलरनं त्यांना काय देऊ केलं ते येतंच. आपल्याला आपला माणूस मोठा वाटायला त्या मिशीवाल्याचा शिक्का लागतो, ह्याचा मला खरंच राग येतो.

आणि तो शिक्का मारणारा त्या उन्हाळ्यात काय करत होता ते पण बघा. पाहुणे येणार म्हणून बर्लिनच्या रस्त्यांवरच्या ज्यू लोकांविरुद्धच्या पाट्या तात्पुरत्या काढून ठेवल्या. सिंती आणि रोमा लोक, म्हणजे आपण ज्यांना सरसकट जिप्सी म्हणतो ते, त्यातले सहाशेच्या आसपास जण १६ जुलैला एका दिवसात उचलून शहराबाहेर मार्त्सानला एका छावणीत नेऊन टाकले, पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. शहराच्या उत्तरेला झाक्सेनहाऊझेनची छळछावणी त्याच महिन्यात बांधायला काढली. म्हणजे इकडं स्टेडियममध्ये कबुतरं उडवायची आणि तिकडं कुंपणाच्या तारा ओढायच्या. यात्रेच्या भाषेत सांगायचं तर मांडव घालणारा आणि खिसा कापणारा एकच.

आता पैलवानाकडं येतो.

नाव वेर्नर झेलेनबिंडर. जन्म २ ऑगस्ट १९०४, श्टेटिन गावात, ते आता पोलंडमध्ये आहे. वाढला बर्लिनमध्ये, गरीब कामगाराच्या घरात, मिळेल ते काम करत. तिथं त्या काळी कामगारांचे स्वतःचे स्पोर्ट्स क्लब असायचे, दिवसभर कारखान्यात राबायचं आणि संध्याकाळी क्लबात घाम गाळायचा, आपल्याकडं गिरणगावात व्यायामशाळा होत्या ना, कोकणातली घाटावरची पोरं पाळी संपवून जोर मारायला जायची, जवळपास तसंच. नॉयकोल्न भागातला बेरोलिना नावाचा क्लब, तिथं ह्यानं कुस्ती धरली. कुस्ती ग्रीको-रोमन. तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो, ह्यात कमरेखाली हात घालायचा नाही आणि पायाचा वापर करायचा नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली. राहिलं काय, छाती, खांदे, कंबर आणि मनगट. समोरच्याला कवळ घालून उचलायचं आणि मागं टाकायचं. वजनी गट ८७ किलोचा. फोटो बघितला तर मान आणि खांदा ह्यांच्यामध्ये जागाच दिसत नाही, आणि चेहरा मात्र शेजारच्या गल्लीतल्या मोठ्या भावासारखा, जरा हसरा.

१९२८ ला मॉस्कोत कामगारांची स्पर्धा होती, स्पार्टाकियाड म्हणायचे तिला, तिथं तो उतरला आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षाचा मेंबर झाला. हे मी लपवत नाही. काही जण म्हणतील हां, म्हणजे लाल बावट्यावाला, मग सोडा. त्यावर पुढं बोलतो.

१९३३ ला हिटलर सत्तेवर आला. कामगारांचे क्लब बंद पाडले, नेते तुरुंगात. त्याच वर्षी झेलेनबिंडर जर्मनीचा चॅम्पियन झाला. बक्षीस घ्यायला स्टेजवर उभा राहिला, राष्ट्रगीत सुरू झालं, सगळ्यांचे उजवे हात वर गेले. ह्याचा नाही गेला.

इथं जरा थांबा. माईकवरून सांगताना पण इथं थांबा, हलगीवाल्याला हातानं खूण करा. आपल्याकडं सलामी म्हणजे काय ते पैलवानाला आईच्या दुधाबरोबर कळतं. हौद्यात उतरताना माती कपाळाला लावायची, शड्डू ठोकायचा, मग समोरच्याच्या हाताला हात लावून सलामी झडते, आणि मग लढत. ती सलामी मातीला असते, समोर उभ्या असलेल्या गड्याला असते. खुर्चीत बसलेल्या पुढाऱ्याला नसते, निदान नसायला पाहिजे. त्या दिवशी स्टेजवर जे मागितलं जात होतं ती दुसऱ्या जातीची सलामी होती आणि हा फरक त्या गड्याला बरोब्बर कळला होता. हात खाली राहिला, बास. भाषण नाही, घोषणा नाही.

त्याची किंमत पण लगेच वसूल झाली. गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी उचललं आणि सोळा महिन्यांची बंदी आली. स्पर्धा नाही आणि प्रॅक्टिस पण नाही. एकोणतीस वर्षांचा पैलवान, ऐन उमेदीतला, सोळा महिने मॅटवर पाय ठेवायचा नाही. माझा गुडघा गेला तेव्हा मला सहा महिने तालमीच्या दारावरून जायला नको वाटायचं, तेल आणि मातीचा तो वास आला की पोटात तुटायचं. सोळा महिने म्हणजे काय ते तुमच्यापैकी ज्यांना दुखापत झालीय त्यांना विचारा. बरं, ह्याला दुखापत पण नव्हती.

बंदी उठली आणि १९३५ ला पठ्ठ्या परत चॅम्पियन. मग ३७, ३८, ४० आणि ४१ ला पण. एकूण सहा वेळा जर्मनीचा किताब. १९३७ च्या युरोपियन चॅम्पियनशिपला तिसरा, १९३८ ला परत तिसरा. म्हणजे उगाच राजकारणामुळं नाव झालेला पैलवान नव्हे, कुस्ती पोटात होती.

आता १९३६. घरचंच ऑलिम्पिक, हिटलरच्या दारात. झेलेनबिंडरला आधी जायचंच नव्हतं, जगभरात बऱ्याच जणांचं तेव्हा बहिष्काराचं चाललं होतं. पण भूमिगत साथीदारांशी बोलणं झालं आणि ठरलं वेगळंच. उतरायचं. मेडल मारायचं. पहिल्या तिघांत येऊन त्या पायरीवर उभं राहायचं आणि सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर सलाम करायचा नाही. १९३३ ला जे एका हॉलमध्ये केलं तेच आता सगळ्या जगापुढं करायचं. कल्पना करा, उरात असला बेत घेऊन प्रॅक्टिस करायची, त्याच टीममध्ये राहायचं, त्याच लोकांबरोबर जेवायचं आणि तोंड उघडायचं नाही.

ग्रीको-रोमनच्या कुस्त्या ६ ते ९ ऑगस्टला डॉइचलांडहाले नावाच्या मोठ्या हॉलमध्ये झाल्या. आणि पहिलीच जोड लागली लाटवियाच्या एडविन्स बिएटाग्सबरोबर.

हरला.

हो, हरला. मला पण वाचताना असंच झालं होतं, म्हटलं अरे यार. पिक्चर असता तर इथं बॅकग्राउंड म्युझिक वाजून पठ्ठ्यानं समोरच्याला आस्मान दाखवलं असतं. खऱ्या कुस्तीत पहिल्याच जोडीला तगडा गडी गाठ पडतो आणि वर्षभराचा बेत पाच-दहा मिनिटांत मातीत जातो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. बिएटाग्सच पुढं सिल्व्हर घेऊन गेला, गोल्ड स्वीडनच्या आक्सेल काडियरला, ब्राँझ एस्टोनियाच्या आउगुस्ट नेओला. आमचा गडी पुढच्या कुस्त्या मारून चौथा. म्हणजे एका पायरीनं हुकलं. ज्या पायरीवर उभं राहून हात खाली ठेवायचा होता ती पायरीच मिळाली नाही.

मला ही गोष्ट आवडते ती ह्यामुळंच खरं तर. जिंकला असता तर एका फोटोत मावला असता. हरला म्हणून त्याला दुसरं काम करावं लागलं, ज्याचा फोटो निघत नाही. नावाजलेला पैलवान म्हणून परदेशात कुस्त्यांना जायला मिळायचं, बॉर्डरवर कोण अडवतोय चॅम्पियनला, तर त्या दौऱ्यांच्या आडून तो निरोप न्यायचा, आणायचा, बाहेरच्या साथीदारांना भेटायचा. बर्लिनमध्ये रोबेर्ट उरिश नावाचा एक कारागीर होता, ओस्राम कंपनीत हत्यारं बनवणारा, त्यानं कारखान्याकारखान्यांत गुपचूप गट बांधले होते. झेलेनबिंडर त्यांच्यात. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पण हे काम चालू आणि त्याच काळात १९४० आणि ४१ चे किताब पण चालू. दिवसा चॅम्पियन, रात्री हे. आणि आजूबाजूला खबरे.

आता तुम्ही म्हणाल हे आपल्याला काय नवीन नाही. खरंय. आपले खाशाबा जाधव. १९४८ ला लंडनला सहावे आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ हे तुम्ही दर मैदानात सांगता, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून पैसे दिले ते पण सांगता. पण त्याआधीची, बेचाळीसच्या चळवळीतली गोष्ट किती जण सांगतात? विशीच्या आतला हा पोरगा भूमिगत लोकांना लपवायला, त्यांची पत्रकं पोचवायला मदत करायचा असं सांगितलं जातं. आणि आमच्या सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात तर नाना पाटलांच्या पत्रीसरकारच्या काळात तालमी म्हणजे नुसत्या जोर-बैठकांच्या जागा नव्हत्या, हे माझ्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलंय. म्हणजे बघा, तिकडं बर्लिनला एक पैलवान निरोप घेऊन फिरतोय आणि त्याच सुमाराला इकडं कऱ्हाडच्या बाजूला एक पैलवान पण तेच करतोय. दोघांची ओळख नाही, पाळख नाही. खाशाबांच्या शेजारी उभं करायला बर्लिनचा माणूसच पाहिजे असेल तर हा घ्या की. हिटलर कशाला?

४ फेब्रुवारी १९४२ ला पकडला. त्या धाडींत उरिशच्या गटातले दोनशेच्या आसपास लोक उचलले. मारहाण झाली, छळ झाला, नावं सांग म्हणून. पुढची अडीच वर्षं एका तुरुंगातून दुसऱ्यात, छावणीतून छावणीत, नऊ ठिकाणं फिरवलं. त्या मारहाणीचं वर्णन मी करत नाही, पोरं ऐकत असतात. एवढंच सांगा की ८७ किलोचा गडी होता आणि शेवटी काय उरलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

सप्टेंबर १९४४ ला त्यांच्या त्या 'लोकन्यायालया'नं, नावातच लोक, बाकी काय नाही, मृत्युदंड दिला. २४ ऑक्टोबर १९४४ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात शिरच्छेद. वय चाळीस. त्या एका तुरुंगात नाझींनी दोन हजारांच्या वर माणसं मारली, हा त्यातला एक. उरिशला दोन महिने आधी तिथंच.

मरायच्या आधी बापाला पत्र लिहिलं. ते छापलेलं आहे, मी जर्मन शिकताना तोडकंमोडकं वाचलं आणि नंतर नीट वाचलं. त्यात तो लिहितो की निरोपाची घडी आता माझ्यासाठी आली, तुरुंगात माणूस जे काही भोगू शकतो ते सगळं भोगून झालं, आजार, शरीराचे हाल, मनाचे हाल, काही म्हणून चुकलं नाही. लढाई संपल्यावर तुमच्याबरोबर, मित्रांबरोबर, खेळातल्या सोबत्यांबरोबर आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी पुन्हा अनुभवायच्या होत्या. आणि मग हे, जे मी भाषांतर करून तालमीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकलं होतं आणि ज्यावर तीन अंगठे आणि एक गुड मॉर्निंग आलं: "मला माहीत आहे की तुमच्या हृदयात आणि खेळावर प्रेम करणाऱ्या कितीतरी जणांच्या हृदयात मला जागा मिळालीय, आणि ती जागा मी कायम राखून ठेवीन. ह्या जाणिवेनं मला अभिमान वाटतो, बळ येतं, आणि शेवटच्या घडीला मी कमजोर दिसणार नाही."

जागा राखून ठेवीन. पैलवानाचीच भाषा आहे की नाही? मॅटवर आपली जागा सोडायची नाही.

आता ते कम्युनिस्टवालं. होता, शंभर टक्के होता, आणि मेल्यावर त्याचं जे झालं ते पण त्याच पायी. लढाई संपली, २९ जुलै १९४५ ला त्याच्या अस्थी नॉयकोल्नच्या स्टेडियमच्या आवारात पुरल्या, ज्या भागात तो कुस्ती शिकला तिथंच, आणि स्टेडियमला त्याचं नाव दिलं. पण तो भाग आला अमेरिकेच्या ताब्यात, शीतयुद्ध सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत नाव काढून टाकलं. तिकडं पूर्व बर्लिनमध्ये उलटं, १९५० ला मोठा हॉल बांधला आणि त्याला नाव दिलं, पोस्टाच्या तिकिटांवर फोटो छापला, शाळेत शिकवलं, देव करून टाकला. मग भिंत पडली आणि १९९३ ला तो हॉल पाडला, कशासाठी, तर २००० चं ऑलिम्पिक बर्लिनला मिळावं म्हणून नवीन बांधकाम करायचं होतं. ऑलिम्पिक गेलं सिडनीला. म्हणजे एकदा ऑलिम्पिकनं त्याला पायरी दिली नाही आणि दुसऱ्यांदा ऑलिम्पिकपायी त्याचा हॉल गेला. नॉयकोल्नच्या स्टेडियमला नाव परत मिळालं ते २००४ ला, मरून साठ वर्षं झाल्यावर.

मला स्वतःला मॉस्कोचं कौतुक नाही. स्टालिननं काय केलं ते पण वाचलंय. पण एक सांगा, त्या हॉलमध्ये १९३३ ला बाकीच्यांनी हात वर केले ते राजकारण नव्हतं, आणि ह्यानं केला नाही ते राजकारण? आपल्याकडं पण निवडणूक आली की पैलवान लागतातच, स्टेजच्या पायरीशी उभं राहायला, बूथवर नुसतं दिसायला. कुणाच्या गाडीत बसायचं हे पोरांना कुणी शिकवत नाही, बोलावलं की जातात, दोन वेळचं जेवण आणि पाठीवर थाप. कित्येक चांगली पोरं त्यात वाया गेलेली मी बघितलीत, माझ्या बरोबरीची. त्यांना कुणीतरी कधीतरी सांगायला पाहिजे होतं की हात वर न करणं हा पण डाव आहे आणि तो पण वस्तादानंच शिकवायचा असतो.

मी राहतो त्याच नॉयकोल्नमध्ये. टेम्पेलहोफचा जुना विमानतळ आहे, २००८ ला बंद झाला, आता रनवेवर लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात, आणि त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नाझींच्या काळात कोलंबिया-हाऊस नावाची छळछावणी होती. मैदानाच्या कडेला ओडर नावाचा रस्ता आणि त्याच्यावर हा स्पोर्टपार्क. पहिलं वर्षभर मी तिथून पळत जायचो आणि बोर्ड वाचायचो, लांबलचक नाव, म्हटलं असेल कुणी नगरसेवक. मग एका नोव्हेंबरात गुडघा परत बोंबलला म्हणून चालत निघालो होतो, तेव्हा तो दगड दिसला. नाव आणि सालं. शेजारून फुटबॉलची पोरं बॅगा आदळत, ओरडत जात होती, एकाचा बूट सुटलेला, तो थडग्याजवळच एक पाय पुढं टाकून नाडी बांधत बसला. मला बरं वाटलं ते बघून, का ते सांगता येणार नाही. त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा त्याचं नाव शोधलं. मी काय केलं ते सांगू का, दुसऱ्या दिवशी परत गेलो, कुणी बघत नाही असं बघून वाकलो, तिथली माती बोटाला लावली आणि कपाळाला लावली. काळी, गार माती. आपली तांबडी नव्हे. पण सवय जात नाही.

तर मागणी एवढीच आहे. चौकात पुतळा उभारा म्हणत नाही, कुणाच्या नावाची गदा ठेवा म्हणत नाही. यात्रा कमिटीला एक रुपयाचा खर्च नाही. पुढच्या वेळी एक नंबरची जोड यायला उशीर झाला, माईक हातात आहे, मैदान गप्प करायचंय आणि तोंडात १९३६ आलंच, तर अमरावतीच्या पोरांचा मल्लखांब सांगा आणि लगेच त्याच शहरातल्या ह्या गड्याची गोष्ट सांगा. तीन-चार मिनिटांची आहे. हरला ते पण सांगा, गाळू नका, पोरांना कळतं. आणि वस्तादांनो, तालमीत मारुतीच्या खाली खाशाबांचा, हिंदकेसरींचा फोटो असतोच, भिंतीवर जागा असेल तर एक फोटो मी फ्रेम करून पाठवतो, खर्च माझा. आमच्या तालमीला विचारलंय, अजून उत्तर नाही, बहुतेक कॅलेंडर काढायला कुणी तयार नाही.

नाव अवघड वाटत असेल तर तोडून घ्या, झे-लेन-बिन-डर. पहिला झ झेंड्यातला नव्हे, झऱ्यातला. तरी नाही जमलं तर नुसतं बर्लिनचा पैलवान म्हणा, चालेल. आणि ते नारळवालं पोरगं मैदानात दिसलं तर त्याला मात्र पूर्ण नाव सांगा, त्यानं विचारलं होतं.

कळावे,
सांगली जिल्ह्यातला एक माजी पैलवान, सध्या बर्लिन